एकदा पारखलेलं सोनं दुसरीकडे पारखताना

मैत्रिणींनो, आज अंबडच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न घेते. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं त्यांची कपाशी हातची गेली. आता मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची, तर चार तोळ्यांच्या पाटल्या मोडण्यावाचून इलाज नाही. पाटल्या २०१९ मध्ये केलेल्या, आत ९१६ चा हॉलमार्क आहे, बिलही जपून ठेवलंय. पण सराफांकडे नेल्या, तर त्यांनी यंत्राखाली धरून सांगितलं की सोनं पंच्याऐंशी टक्केच भरतंय. भगिनी विचारतात, दुसरीकडे नेऊन पुन्हा तपासून घेऊ का? की एकदा एकानं पारखलं, दुसऱ्यानं पारखलं, आता तिसऱ्याकडे जाणं म्हणजे नुसता हेलपाटा?

हेलपाटा नाही हो. आधी आकडा मांडून बघा. चार तोळे म्हणजे हल्लीच्या हिशेबानं ४० ग्रॅम. ९१६ चं असेल तर त्यात चोख सोनं ३६.६४ ग्रॅम. पंच्याऐंशी टक्के धरलं तर ३४ ग्रॅम. फरक दोन ग्रॅम चौसष्ट सेंटिग्रॅमचा! त्या दिवसाचा चोख सोन्याचा भाव घ्या आणि गुणून पाहा. एवढ्या रकमेसाठी एस.टी.नं एकदा जाऊन येणं कुणाला जड वाटू नये. (जाता जाता: घरात सासूबाईंच्या वेळची चिठ्ठी असेल, तर त्यातला तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे हे विसरू नका. मोडीच्या वेळी तोळ्यात बोलूच नये, ग्रॅममध्येच बोलावं.)

आपल्या भागातल्या बायकांना ही गोष्ट नव्यानं सांगायला नको. कापूस विकताना काय होतं? खाजगी व्यापारी मूठभर कापूस दाबून बघतो नि ‘ओला आहे’ म्हणत भाव पाडतो. तोच कापूस कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर नेला, की तिथं ओलावा मीटरवर मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढं बारापर्यंत कपात, त्यावर माल परत. तिथंही कधी मनासारखं होतं, कधी नाही. पण मोजमाप डोळ्यांना दिसतं. सोन्याचंही तेच. जो विकत घेणार, त्यानंच कस सांगायचा, हा व्यवहार कितीही ओळखीच्या दुकानात झाला तरी एका बाजूला झुकलेलाच राहतो. सराफ खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण कस सांगणारा आणि भाव देणारा वेगळा असावा, एवढंच.

इथं एक गंमत सांगते. अमेरिकेत खेळाडूंची छापील चित्रं, ती ‘कार्डं’, जमवायचा मोठा नाद आहे. कार्ड कंपनीकडे पाठवायचं, ती ते प्लास्टिकच्या डबीत बंद करून एक ते दहा असा नंबर देते, आणि नंबरावर किंमत ठरते. एका कंपनीनं आठ दिले आणि मालकाचं समाधान झालं नाही, तर तो डबीसकट दुसरीकडे पाठवतो, आणि वर अट घालतो, ‘इतका नंबर देणार असाल तरच डबी फोडा, नाहीतर तशीच परत करा.’ होनस वॅग्नर नावाच्या जुन्या बेसबॉलपटूच्या एका कार्डाला पीएसए ह्या कंपनीनं आठ नंबर दिला होता, लाखो डॉलरना ते विकलं गेलं. आणि २०१३ साली ते विकण्यात ज्याचा हात होता त्या गृहस्थानंच कबूल केलं, की कडा आपण कापून सरळ केल्या होत्या! म्हणजे डबी आणि नंबर असला तरी आतला माल नंबरासारखा असेलच असं नाही.

सोन्यात मात्र ती अट चालत नाही, बरं का. ‘९१६ येणार असेल तरच सांगा’ असं म्हणता येत नाही. जे निघेल ते निघेल. म्हणून दुसरी तपासणी करायची ती मनाजोगता आकडा मिळावा म्हणून नव्हे. खरा आकडा हातात घेऊन दुकानाची पायरी चढता यावी, म्हणून.

आता तपासणीचं. यंत्र म्हणजे बहुतेक ठिकाणी क्ष-किरणांचं. दागिना न कापता मिनिटाभरात आकडा येतो, म्हणून सोयीचं. पण ते वाचतं फक्त वरचा पातळ थर, आणि तोही जिथं किरण पडला त्या ठिपक्यापुरता. पाटलीच्या जोडावर, डाक दिलेल्या जागी किरण पडला, तर आकडा कमी दिसणारच. उलट वरून जाड मुलामा असेल तर खोटा दागिनाही चांगला ठरेल. तेव्हा सराफांना नम्रपणे म्हणा, ‘दादा, तीन जागी धरून दाखवा, जोड सोडून.’ पाटली कोमट पाण्यात रिठ्यानं धुऊन न्या, घामाचा आणि साबणाचा थर राहू देऊ नका. तीन जागी तीन आकडे आले, तर मग बोलायला जागा आहे.

खात्रीची परीक्षा ती अग्निपरीक्षा. नाव ऐकून सीतामाई आठवते, पण पद्धत अगदी हिशेबी आहे. दागिन्याचा बारीकसा तुकडा काढतात, वजन करतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि भट्टीत सच्छिद्र मुशीत ठेवतात. तांबं आणि इतर हलके धातू शिशाबरोबर मुशीत शोषले जातात, उरतो सोन्याचांदीचा मणी. तो नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळते, सोनं राहतं. राहिलेल्याचं पुन्हा वजन. आपल्या आजीच्या काळी सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून रंग पारखायचा, ‘बावनकशी’ हा शब्द त्याच दगडावरचा. नजर तयार असलेल्या सोनाराची रेघ आजही बरंच सांगते, पण टक्के सांगत नाही.

हे करायचं कुठं? भारतीय मानक ब्युरोनं, म्हणजे बीआयएसनं, मान्य केलेल्या परख केंद्रात. ब्युरोच्या संकेतस्थळावर जिल्ह्यांप्रमाणे यादी आहे. अंबडला जवळचं कोणतं, ते निघण्याआधी घरातल्या मुलामुलींकडून बघून घ्या आणि फोन करून जा. सामान्य ग्राहकालाही तिथं दागिना तपासून मिळतो. सरकारनं जाहीर केलेला दर चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आहे. लेखी अहवाल मागून घ्या. त्यात दागिन्याचं वर्णन आणि वजन लिहिलेलं हवं, नाहीतर तो अहवाल कुठल्या पाटलीचा, हे कोण सांगणार?

पाटल्यांवरची छापही भिंगानं एकदा वाचा. २०१९ च्या मालावर चार खुणा असायला हव्यात: ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, २२के९१६, परख केंद्राची खूण आणि सराफाची खूण. सहा अक्षरी-आकडी क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात, तो २०२१ पासूनचा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण ती सक्ती विकणाऱ्यावर आहे. आपल्या कपाटातला चार खुणांचा जुना दागिना त्यामुळे बाद होत नाही, तेव्हा ‘जुना हॉलमार्क आता चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. नव्या दागिन्याचा क्रमांक मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’मध्ये घातला, की कुणी विकला, कुठं तपासला, शुद्धता किती, दागिना कोणता, सगळं दिसतं. अंगठीचा क्रमांक घालून तिथं ‘बांगडी’ असं आलं, तर काय समजायचं ते समजा! आणि ‘केडीएम’ ही शुद्धतेची छाप नव्हेच. कॅडमियमचा डाक, एवढाच तिचा अर्थ. त्या वाफेनं कारागिरांच्या फुप्फुसांची हानी व्हायची.

सराफांची बाजूही सांगायला हवी. पाटल्या मध्यंतरी कुठं दुरुस्त केल्या होत्या का? वाकल्या म्हणून जोड दिला, घेर वाढवला, एक चीर बुजवली? तसा डाक जितका जास्त, तितका एकूण कस खाली येणार, आणि तो दोष मूळ विकणाऱ्याचाही नाही नि आताच्या सराफांचाही. वज्रटीक, पोकळ गोठ ह्यांत लाख असते, तिचं वजन वजा होणारच.

एक मात्र अगदी बजावून सांगते. अहवाल हातात येईपर्यंत पाटल्या गाळू देऊ नका. ‘गाळून बघू, म्हणजे दूध का दूध’ हे ऐकायला छान वाटतं, पण गाळल्यावर छाप गेली, जोड मिसळले, आणि बिलातला दागिना हाच हे दाखवायला काहीच उरलं नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे हॉलमार्कच्या दागिन्यात लिहिल्यापेक्षा कमी शुद्धता निघाली, तर विकणाऱ्यानं कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यायचा असतो. पण त्यासाठी दागिना आणि बिल दोन्ही शाबूत हवं. तक्रार त्याच ‘बीआयएस केअर’वर करता येते. अहवालानंतर मोडायचंच ठरलं, तर खुशाल गाळा, पण समोर बसून, आधीचं आणि नंतरचं वजन पाहून.

आणि भगिनी, मोडायलाच हव्यात का पाटल्या? फी एका सत्राची असेल तर तारण ठेवून भागेल का, ते पाहा. व्याज किती ते लिहून घ्या, आणि फेडीचा पैसा कुठून येणार ते आधी ठरवा, नाहीतर पाटल्या लिलावातच जायच्या. तारणातही कसाचाच प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये नवे नियम काढले, ते लागू करायची शेवटची मुदत १ एप्रिल २०२६ ठेवली. त्यांत म्हटलंय की कस आणि वजन कर्जदाराच्या समोर पाहायचं, आणि शुद्धता, एकूण वजन, खडे-लाखेची वजावट हे सगळं लिहून द्यायचं. घरखर्चाच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. परख केंद्राचा अहवाल तिथंही सोबत न्या. त्यांचा आकडा वेगळा आला, तर कारण विचारा. कर्ज फिटलं की दागिना सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ते कलम कागदावर आहे का, ते सही करण्याआधी बोट ठेवून वाचून घ्या.