फी माफ, पण वाट बंद

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक विद्यार्थी आला. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष संपवलेला, वडील मराठवाड्यातील एका एसटी आगारात वाहक. संस्थेच्या परदेशी विनिमय सत्राच्या यादीत त्याचे नाव लागले होते आणि विद्यापीठ होते स्वीडनमधले. आम्हाला वाटले पोरगा पेढे घेऊन आला असेल. त्याने खिशातून काढला तो आकडेमोडीचा कागद. त्याला एवढेच विचारायचे होते, की यादीतून नाव मागे घेतले तर पुढे नोकरीच्या वेळी काही अडचण येते का?

हा विषय आपल्याकडे फारसा चर्चेला येत नाही, म्हणून थोडे खुलासेवार सांगावे लागेल. आयआयएम आणि तशा इतर संस्थांमध्ये दुसऱ्या वर्षी काही निवडक विद्यार्थ्यांना एक सत्र परदेशातील भागीदार विद्यापीठात पूर्ण करता येते. तिकडचे विद्यार्थी त्या बदल्यात इकडे येतात. विद्यार्थी फी भरतो ती आपल्याच संस्थेत. तिकडचे विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. ही सवलत लहान नाही. स्वीडनमध्ये २०११ पर्यंत जगातील कोणालाही विद्यापीठात फी नव्हती. त्या वर्षीच्या शरद सत्रापासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती लागू झाली. डेन्मार्कने हे २००६ मध्येच केले होते, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये केले. आपल्या मुलाला त्या वर्गात बिनफीचे बसता येईल अशा ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यातली ही एक.

पण फी माफ म्हणजे खर्च माफ नव्हे. तीन महिन्यांपेक्षा अधिक राहायचे तर निवास परवाना लागतो आणि त्यासाठी स्वीडनच्या स्थलांतर खात्याने २०२४ साली दरमहा १०,३१४ क्रोना विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर दाखवा, असा नियम ठेवला होता. पाच महिन्यांचे पन्नास हजारांवर क्रोना होतात. आपल्या रुपयांत चार लाखांहून अधिक. अर्जाचे १,५०० क्रोना वेगळे, विमानभाडे वेगळे, आणि इकडच्या संस्थेची फी तर चालूच! ज्याचे वडील कंपनीत संचालक आहेत त्याच्या घरी हा आकडा जेवणाच्या टेबलावर मिटतो. वाहकाच्या घरी भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचे कर्ज आणि बहिणीचे लग्न, यांच्यामध्ये तो येऊन बसतो. यादी गुणांवर लागते आणि पासबुकावर गाळली जाते. मग रिकामी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला जाते आणि कागदोपत्री कोणावरही अन्याय झालेला नसतो.

तुमच्यासाठी एवढ्या शिष्यवृत्त्या आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, आज तिच्या वर्षाला १२५ जागा आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, तिच्या जागा ७५. दोन्ही योजना पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी किंवा पीएच.डी.साठी आहेत. एका सत्रासाठी नाहीत. आयआयएमसारख्या संस्थांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण योजना आहे, पण तिचा हिशेब देशातल्या संस्थेची फी आणि वसतिगृह यांच्याशी बांधलेला. विनिमय सत्राचा विद्यार्थी या योजनांच्या मधल्या फटीत पडतो. इकडच्यांना तो परदेशी आणि परदेशीवाल्यांना तो इकडचा!

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण निघणे अपरिहार्य आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड दिले. तो पैसा फीपुरता नव्हता, त्यातच खायचे, राहायचे आणि घरही पाहायचे होते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बुद्धी संपली नव्हती, पैसे संपले होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, म्हणजे वाणिज्याच्याच महाविद्यालयात शिकवून, त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचीही मदत झाली, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. शंभर वर्षांनंतर आपला विद्यार्थी त्याच ठिकाणी अडतो आहे.

आता एका सत्रात असे काय मोठे मिळते, हा प्रश्न उरतो. आमच्या मते जे मिळते ते आपल्याच मुलांनी पाहावे असे आहे. स्वीडनच्या अनेक विद्यापीठांत लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, सांकेतिक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला आडनाव कळत नाही. ज्याच्या आडनावाने त्याचे कधी काही बिघडले नाही, त्याला ही गोष्ट शिस्तीची वाटेल आणि तो विसरून जाईल. आपला विद्यार्थी विसरणार नाही. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत काय काय चालते, ते आम्ही येथे पुन्हा लिहायला नको.

तेथे विद्यार्थी प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारतो. हे काही तिकडच्या हवेतून आलेले नाही. साठच्या दशकापर्यंत स्वीडिश माणूस समोरच्याला हुद्दा आणि आडनाव लावूनच बोलत असे. १९६७ मध्ये तिथल्या सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी सर्व कर्मचाऱ्यांना आपण ‘तू’ म्हणू आणि त्यांनीही आपल्याला ब्रोर म्हणावे, असे जाहीर केले. ही चाल आधीच सुरू झाली होती, पुढे ती देशभर झाली. हाक मारण्याची रीत बदलता येते, हे आपल्या गावातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्यासाठी काय सोसावे लागते तेही नको.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने खरे बघावे ते कंपनीचे संचालक मंडळ. पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या स्वीडिश कंपनीत संचालक मंडळावर आपले दोन प्रतिनिधी नेमण्याचा हक्क कामगार संघटनेला आहे. कंपनीत मोठा बदल करण्यापूर्वी संघटनेशी वाटाघाट करणे मालकावर बंधनकारक करणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९७७ पासून लागू झाला. गंमत अशी, की आपल्याही संविधानात उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग सांगणारे कलम ४३-क बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ ला लागू झाले. अंतर दोन दिवसांचे! तिकडे तो हक्क झाला, इकडे ते मार्गदर्शक तत्त्वच राहिले. एसकेएफ, अ‍ॅटलस कॉप्को, अल्फा लावल, सँडविक या मूळ स्वीडनच्या कंपन्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला अनेक दशकांपासून परिचित आहेत. कंपनी समुद्र ओलांडून आली तेव्हा तिकडच्या पद्धतीतले काय बरोबर आले आणि काय बंदरावरच राहिले, हा प्रश्न वर्गात विचारणारा विद्यार्थी हवा की नको?

स्वीडन म्हणजे समतेचा स्वर्ग, असेही आम्ही म्हणत नाही. वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था १९२२ मध्ये उप्सालात स्थापन झाली; सामी या मूळनिवासी लोकांच्या कवट्या मोजण्याचे ‘शास्त्र’ तिथे चालले. वालेनबर्ग या एका घराण्याच्या हाती देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची सूत्रे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि स्टॉकहोमची नामांकित अर्थशास्त्र संस्था १९०९ मध्ये उभी राहिली तीही त्याच घराण्याच्या पुढाकाराने व पैशाने. वारसा कर २००४ च्या अखेरीस गेला, संपत्ती कर २००७ मध्ये. पगारात फरक कमी, मालमत्तेत प्रचंड. साहेबाला पहिल्या नावाने हाक मारता येते, पण साहेबाच्या मालकीला हात लागत नाही. आणि एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला तिकडचा व्यक्तिक्रमांक मिळत नाही, तो किमान वर्षभर राहणाऱ्यालाच मिळतो. त्यावाचून बँकेत खाते उघडायला अडचण आणि मोबाइलवरून पैसे देण्याची तिकडची सोय बंद, तेही रोकड जवळजवळ नाहीशी झालेल्या देशात! कागदावर नाव नसलेला माणूस कसा जगतो, याचाही धडा पाच महिन्यांत मिळतोच.

मागणी अवघड नाही. राज्याच्या शासन निर्णयात, पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या परदेशी सत्राचा प्रवास व निर्वाह खर्च मान्य करणारे एक कलम घालावे. शंभर विद्यार्थ्यांना पाच-पाच लाख दिले तरी पाच कोटी होतात. दुसरे काम वाचकांनीच करावयाचे आहे. आपल्या ओळखीच्या सरकारी व्यवस्थापन संस्थेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत विनिमय सत्रासाठी निवड किती जणांची झाली, प्रत्यक्ष गेले किती, आणि दोन्हींत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय किती? नाव मागे घेणाऱ्यांचा आकडा स्वतंत्र मागा. सरकारी कागद नागरिकाला दाखवण्याचा जगातला पहिला कायदा १७६६ मध्ये स्वीडननेच केला होता. आपला २००५ चा आहे, तो वापरावा.

त्या विद्यार्थ्याला संस्थेने या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्याने नाव अजून मागे घेतलेले नाही. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळावी म्हणून आगारात अर्ज केला आहे.