पांडवांनी लेणी कोरली नाहीत! पण आपण तरी शिलालेख वाचतो का?

नाशिकला महामार्गालगतच्या डोंगरात 24 लेणी आहेत. रिक्षावाल्याला विचारा, तो 'पांडवलेणी' म्हणेल. शाळेची सहलही 'पांडवलेणी'लाच जाते. पांडवांनी एका रात्रीत कोरली, ही गोष्ट पोरं ऐकतात, डबे खातात आणि परत येतात. त्याच भिंतींवर ब्राह्मी लिपीत डोंगराचं नाव कोरलेलं आहे: त्रिरश्मी. ते त्यांना कोण वाचून दाखवतो?

नावात काय आहे, असं विचारणाऱ्यांना सांगा, नावातच मालकी आहे. पांडवांनी कोरली म्हटलं की छिन्नी चालवणारे हात संपतात, दान देणारी माणसं संपतात, भिक्खू संपतात. दोन हजार वर्षांचा हिशेब एका भाकडकथेत बुडतो.

तो हिशेब दगडावर आहे. लेणी क्र. 18 च्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धम्भिक गावाचं दान नोंदवलं आहे. दाता राजा नाही, देव नाही, एक गाव! लेणी क्र. 10 मध्ये नहपानाचा जावई उषवदात 3000 कार्षापणं संघासाठी ठेवतो. ती कुणाकडे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे, एकीकडे 2000, दुसरीकडे 1000, व्याजाने! त्या व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा खर्च. कार्ल्याला चैत्याचं द्वार केल्याची नोंद धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची आहे. विणकर आणि सुतार यांची ही पत पुसून तिथे भीमाची गदा कुणी ठेवली?

आता थोडं आपल्याविषयी. व्हॉट्सॲपवर 'हे मंदिर म्हणजे विहारच' असे मेसेज आपण डोळे झाकून पुढे ढकलतो. पुरावा मागितला की गप्प. एक खोटा दावा दहा खऱ्या दाव्यांची किंमत घालवतो.

आणि शिलालेखात सगळंच आपल्या सोयीचं नाही. लेणी क्र. 3 मध्ये गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकब्राह्मण' म्हणते, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणून गौरवते. आणि तेच लेणं भदायनीय भिक्खूंना दान करते! हे लपवायचं का? अजिबात नाही. वर्णाचा अभिमान तेव्हाही होता, आणि तो बाळगणारं राजघराणंही संघाच्या दारात दान घेऊन येत होतं. अर्धं वाचणं हे त्यांचं काम, आपलं नव्हे.

ब्राह्मी 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. तोवर न वाचण्याला कारण होतं, आज नाही. अक्षरं मोजकी आहेत, चार रविवार द्या. मग पोरांना घेऊन त्रिरश्मीवर जा, भिंतीवर बोट ठेवून धम्भिक गावाचं नाव वाचून दाखवा. फलकावरचं नाव बदलण्यासाठी निवेदन जरूर द्या, पण देणाऱ्याला तो शिलालेख वाचता आला पाहिजे.

बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवतो ना? मग पुराव्यानिशी बोला.

जय भीम!