बंदीचा भार कोणाच्या डोक्यावर?

२९ जून २०२० रोजी रात्री केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ या कलमाखाली ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. त्याआधी दोनच आठवडे, १५ जूनला, गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले होते. देश शोकाकुल होता, संतप्तही होता. अशा वेळी त्या निर्णयाविषयी शंका काढणे म्हणजे हुतात्म्यांचा अवमान करणे, असा समज पसरला होता. त्यामुळे तेव्हा कोणी बोलले नाही आणि पुढे बोलायचे राहूनच गेले. इतक्या वर्षांनी तरी बोलायला हरकत नसावी.

प्रथमच स्पष्ट करतो. त्या चिनी कंपनीची वकिली मला करायची नाही. आपल्या नागरिकांची माहिती परक्या सत्तेच्या हाती जाऊ नये, ही सरकारची चिंता रास्त होती. माझी तक्रार वेगळी आहे. देशासाठी जो त्याग करायचा ठरला, तो कोणाच्या पदरी पडला हे कोणी पाहिले नाही. उलट ज्यांच्या पदरी पडला त्यांना आपण सुशिक्षित मंडळींनी हसून घेतले. ‘बरे झाले, तो थिल्लरपणा बंद झाला,’ हे उद्गार चर्चच्या आवारापासून महाविद्यालयाच्या कट्ट्यापर्यंत सर्वत्र ऐकू येत होते.

थिल्लरपणा म्हणजे काय, हे जरा पाहू या. पंधरा सेकंदांची चित्रफीत, तयार संगीत, लिहिण्या-वाचण्याची फारशी गरज नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या ओळखीपाळखीचे कोणी नसले तरी ते अ‍ॅप तुमची चित्रफीत अनोळखी प्रेक्षकांपुढे नेऊन ठेवी. इतर ठिकाणी आधी नाव, मग प्रेक्षक. येथे क्रम उलटा होता. अहिराणी बोलणारी खानदेशातली शेतकरीण, कपडे वाळत घालता घालता नवऱ्याची नक्कल करणारी गृहिणी, भाकरी थापताना गाणारी आजी यांना पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत बोलण्याची अट येथे नव्हती. घराची भिंत पोपडे धरलेली असली तरी चालत असे. भारतात या अ‍ॅपचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते असे तेव्हा सांगितले जाई, आणि त्यांतला फार मोठा भाग लहान गावांचा होता. शहरी अभिरुचीला नेमके हेच खुपत होते, असे मला वाटते. नाचणारी मुलगी वांद्र्याची असती तर ती कलावंत ठरली असती. ती बीडची होती म्हणून थिल्लर ठरली.

आता एक आकडा ध्यानात घ्यावा. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील केवळ ३३ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांत तर ते २५ टक्क्यांच्याही खाली होते. स्वतः वापरण्याजोगा मोबाइल जेमतेम निम्म्या, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांजवळ होता. तेव्हा ज्या बायका टिकटॉकवर दिसत होत्या, त्या तेथे सहज येऊन बसल्या नव्हत्या. कोणी नवऱ्याचा फोन तो जेवायला बसल्यावर मागून घेतला होता, कोणी सासूची समजूत काढली होती, कोणी चुलीमागे उभे राहून चोरून चित्रण केले होते. स्त्रीच्या बाबतीत अ‍ॅप वापरणे ही तंत्रज्ञानाची बाब नसतेच. ती परवानगीची बाब असते.

आणि परवानगी मिळते कशाने? पैशाने. हे कटू आहे, पण आपल्या घरोघरी खरे आहे. टिकटॉक स्वतः चित्रफितीमागे पगार देत नव्हते. परंतु प्रसिद्धी वाढली की जाहिरातदार येत, थेट प्रक्षेपणात प्रेक्षक भेटी पाठवीत, मेंदीची, शिवणाची, लग्नात गाण्याची कामे मिळत. रक्कम बहुधा मोठी नसे. मात्र ती बाईच्या नावाने येई. मुलाची फी आईच्या ‘नाचण्या’तून भरली गेली की सासऱ्याचा आवाज खाली येतो, हे समाजशास्त्राच्या ग्रंथाविना कोणालाही कळेल. ३० जूनच्या सकाळी ही देवाणघेवाण मोडली. टाळेबंदीचे ते दिवस होते, पुरुषांचीही कामे गेली होती, घरात आलेला तो एक पैसाही थांबला. पुष्कळ घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल, यात मला शंका नाही: सरकारनेच बंद केले, आता आपल्याला वाईटपणा नको! ज्या गोष्टीला दीर नाही म्हणू शकत नव्हता, तिला सरकारी आदेशाने नाही म्हटले.

‘दुसरी अ‍ॅप होतीच की,’ असे कोणी म्हणेल. होती. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणले. चिंगारी, जोश, मोज या देशी अ‍ॅपचाही गाजावाजा झाला; एमएक्स टकाटक दोन वर्षांच्या आत मोजमध्ये विलीन झाले. स्वदेशीच्या नावाने झालेल्या या उलाढालीत मोठा लाभ दोन अमेरिकी कंपन्यांच्या झोळीत पडला, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवतो.

पण बाजार हलवला म्हणजे गिऱ्हाईक हलत नाही, हे आपल्या कोळणींना विचारावे. वर्षानुवर्षे एका कट्ट्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला नगरपालिका एका रात्रीत उठवते आणि सांगते, पलीकडे नवे मार्केट बांधले आहे, तेथे बस. तिचे गिऱ्हाईक तिला जुन्या कोपऱ्यावर शोधते. नव्या मार्केटात चांगला ओटा कोणाला मिळतो? ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे अनामत भरायला पैसा आहे, त्याला. टिकटॉकवर लाखो चाहते जमवणाऱ्या बाईला ते सोबत नेता आले नाहीत. ज्यांना वेळीच सुचले त्यांनी आपल्या काही चित्रफिती उतरवून घेतल्या. इतरांची दोन-तीन वर्षांची मेहनत अदृश्य झाली. नव्या ठिकाणी चकचकीत घर, उत्तम कॅमेरा आणि थोडीफार इंग्रजी यांना भाव होता. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आणि मोकळा वेळ, तो पुन्हा उभा राहिला. जिला परवानगी नव्याने मिळवायची होती, तिने पदर खोचला आणि ती स्वयंपाकघरात परतली. तिची नोंद कोठेच नाही, कारण परतणाऱ्यांची शिरगणती कोणी करीत नाही.

नैतिकतेचा मुद्दाही टाळता येणार नाही. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अश्लीलतेच्या तक्रारीवरून या अ‍ॅपच्या डाउनलोडवर बंदी आणण्याचा आदेश दिला होता. तीन आठवड्यांत तो मागे घेतला गेला. घाणेरड्या चित्रफिती तेथे होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलांचे पालक म्हणून आपण धास्तावलो, तेही योग्यच. परंतु त्या घाणीचा सर्वाधिक उपद्रव चित्रण करणाऱ्या स्त्रियांनाच होत होता. त्यांच्या चित्रफितींखाली जे लिहिले जाई ते येथे छापण्याजोगे नाही. लिहिणारा पुरुष दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अ‍ॅपवर जाऊन तेच लिहू लागला. शिक्षा बाईला झाली.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. २००५ साली राज्य सरकारने डान्स बार बंद केले. तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. म्हणजे श्रीमंताच्या नजरेपुढचे नृत्य संस्कृती आणि गरिबापुढचे अनाचार. हजारो स्त्रियांची रोजी एका कायद्याने गेली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले, अशा आशयाचे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. त्या बारमध्ये आपली कोणी लेक जावी असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही. तरीही त्या आठ वर्षांत त्या बायका काय खात होत्या, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला?

आपल्या साहित्याकडे पाहिले तर लक्ष्मीबाई टिळक आठवतात. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने संसारातल्या बोलीत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि मराठी गद्याला ताठ मानेने चालायला शिकवले. टिकटॉकवरची प्रत्येक बाई लक्ष्मीबाई नव्हती, हे उघड आहे. पण ज्या काळी बाईचे लेखन हेच थिल्लर मानले जाई, त्या काळी तिच्या हाती कागद येऊ दिला गेला, म्हणून आपल्याला लक्ष्मीबाई लाभल्या. पंधरा सेकंदांच्या त्या हजारो चित्रफितींत काय होते आणि काय नव्हते, हे तपासण्याचे साधनच आता उरलेले नाही.

मग करायला काय हवे होते? अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथेही एप्रिल २०२४ मध्ये याच अ‍ॅपविरुद्ध कायदा झाला. त्यात मालकी विकण्यासाठी २७० दिवसांची मुदत होती. चित्रफिती करणारे आठ जण स्वतः न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, म्हणजे ते हरले. परंतु त्यांचे म्हणणे ऐकले गेले, निकालपत्र सर्वांना वाचता आले. आपल्याकडे ६९ अ कलमाखालील २००९ च्या नियमांत नोटीस व सुनावणीची तरतूद आहे, तशीच तातडीच्या प्रसंगी ती बाजूला ठेवण्याचीही आहे. शिवाय नियम १६ अन्वये सारा व्यवहार गोपनीय. कंपनीला समितीपुढे बाजू मांडण्याची संधी पुढे मिळाली. ज्या बायकांचे काम बंद पडले, त्यांचा पक्षकार म्हणून विचारच झाला नाही. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती उठल्याची आवई उठली, तेव्हा सरकारने लगेच इन्कार केला.

बंदी उठवा, असे मी म्हणत नाही. उद्या आणखी एखादे अ‍ॅप बंद करण्याची पाळी येईल आणि तेव्हाही कारण कदाचित योग्यच असेल. त्या वेळी निर्मात्यांना आपले काम उतरवून घेण्यासाठी किमान काही आठवडे द्यावेत, चाहत्यांना नवा पत्ता कळवण्याची सोय त्या कंपनीकडून सक्तीने करून घ्यावी, आणि २००९ च्या नियमांत, जिथे नोटीस व सुनावणी कोणाला मिळावी हे ठरते तिथे, फोनसमोर उभी राहणारी ती बाईही मोजावी. एवढे आपल्या लोकप्रतिनिधीला पत्राने कळवायला कोणत्याही धर्मग्रामातील महिला मंडळाला एका सभेपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.