हा गणवेश आपल्याही मुलांचा आहे

मोकळ्या मुलाला कोणीतरी कामाला लावतोच. आपण लावले नाही तर दुसरे लावतात. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको. बाप चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे राबतो, आई सोसायट्यांत धुणीभांडी करते आणि शाळा सुटलेले पोर चौकात उभे असते. तेथे कोणी त्याच्या हातात मंडळाचा झेंडा देतो, कोणी निवडणुकीची पत्रके देतो, तर कोणी थेट कोयता देतो. मग पोलीस त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. पण कोयत्याच्या आधी त्या हातात चांगले काही कोणी दिले होते काय?

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे, मुलाचे नाव स्काऊटमध्ये घाला, मुलीचे गाईडमध्ये घाला.

ही चळवळ बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये सुरू केली. १९०९ मध्ये ती भारतात आली, तेव्हा ती गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना दार बंद होते. ते दार भारतीयांनी स्वतःच्या संघटना काढून उघडले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. आज दारावर कुलूप नाही. पण वस्तीतल्या मुलाला दार आहे हेच कोणी सांगत नाही. खासगी शाळांतली मुले स्कार्फ बांधून शिबिराला जातात आणि आपली मुले रस्त्यावरून त्यांच्या बस पाहतात.

गणवेशाची ताकद आंबेडकरी समाजाला कोणी शिकवावी? बाबासाहेबांनी महाडच्या लढ्याच्या काळात समता सैनिक दल उभे केले, ते शोभेसाठी नव्हे. ज्याला गावाने वाकून चालायला लावले, तो माणूस रांगेत ताठ उभा राहिला. शिस्तीतून स्वाभिमान येतो, हा आपलाच अनुभव आहे. स्काऊट म्हणजे समता सैनिक दल नव्हे आणि ते दलाची जागाही घेणार नाही. पण प्रथमोपचार, गाठी मारणे, नकाशा वाचणे, तंबू ठोकणे, स्वतःचे जेवण स्वतः रांधणे हे मूल तेथे शिकते. सहा-आठ जणांच्या गटाचा नायक होऊन जबाबदारी घेते. शिबिरात सर्व जातींची मुले एका तंबूत झोपतात, एका पातेल्यातले खातात. वर्गात मागच्या बाकावर बसविलेल्या मुलाला पुढे उभे राहण्याची ही संधी आहे.

प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ हा शब्द आहे, म्हणून काही बौद्ध पालक कचरतात. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरात ही अडचण खरीच आहे. परंतु संस्थेच्या नियमातच ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. ती हक्काने घ्यावी. शिक्षकांना माहीत नसेल तर नम्रपणे पण ठामपणे सांगावे. सद्सद्विवेक गहाण ठेवून कोणताही गणवेश घालू नये.

यात पुढची वाटही आहे. प्रवेश, तीन सोपाने, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या आहेत. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता लागते आणि ती मिळवायला वर्षे जातात. दहावी झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

महापालिकेला आमचा सवाल आहे. आपल्या किती शाळांत पथक खरोखर चालते आणि किती शाळांत केवळ कागदावर आहे? प्रत्येक शाळेत प्रशिक्षित शिक्षक द्या, गरीब मुलांना गणवेश द्या, शिबिराचा खर्च उचला. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवणाऱ्यांना हे जड नाही.

समाजानेही हात बांधून बसू नये. शाळेबाहेर खुले पथक नोंदविता येते. शेजारच्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या परिसरात आज ठिकठिकाणी विहारे आहेत. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला, तर एका विहारात एक पथक उभे राहील. रविवारी वंदना झाली की मुलांना रांगेत उभे करा. येत्या जयंतीला ती मुले मिरवणुकीच्या अग्रभागी गणवेशात चालली, तर तीच बाबासाहेबांना खरी मानवंदना ठरेल.