घर घेण्याआधी वस्तीची नाडी पाहा

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी घरधनी जागा स्वतः निवडीत असे, विहिरीचे पाणी चाखून पाहत असे आणि वाऱ्याची दिशा पाहून खिडकी काढीत असे. आज आपण घर बांधीत नाही, बांधलेल्या घरांतून एक निवडतो. त्यामुळे वारा, पाणी आणि शेजार या तिन्ही गोष्टी आपल्याला तयार मिळतात. त्या पारखून घेणे मात्र आपल्याच हाती असते.

मीरा-भाईंदर हे अशा निवडलेल्या घरांचे शहर आहे. १९९१च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१मध्ये ती सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि २०११मध्ये तिने आठ लाखांचा आकडा ओलांडला. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून किंवा अंधेरी-बोरिवलीच्या भाड्याच्या खोल्यांतून आलेल्या असंख्य कुटुंबांनी आयुष्याची पुंजी येथे घातली. आजही रविवारी सकाळी घर पाहणारी जोडपी ठिकठिकाणी दिसतात. ती कार्पेट क्षेत्र विचारतात, ओट्याची लांबी मोजतात, देवघराची दिशा पाहतात. उंबऱ्याबाहेरचे जग पाहण्यास मात्र वेळ उरत नाही.

घर निवडणारा कमावता माणूस त्या घरात सर्वांत कमी वेळ असतो. सकाळी सातची लोकल पकडून तो रात्री नऊला परततो. त्याच्या दृष्टीने स्थानकापासूनचे अंतर आणि कर्जाचा हप्ता या दोन गोष्टी निर्णायक ठरतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच घरात आजी-आजोबा, तान्हे मूल आणि बहुधा गृहिणी दिवसाचा मोठा भाग काढतात. वस्तीची खरी परीक्षा त्यांच्या शरीरावर होते. म्हणून घर पाहताना डोळे त्यांचे असावेत.

आपल्या शहरातील वस्त्या या दृष्टीने फिरून पाहाव्यात. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडील शांतीनगर, नयानगर येथे भाजी, औषधे, शाळा आणि दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. वृद्ध माणसाला रोज खाली उतरण्यास निमित्त मिळते, हा मोठाच लाभ होय. पण येथील अनेक जुन्या, बुटक्या इमारतींना लिफ्ट नाही. साठीपर्यंत जिना हा व्यायाम असतो. गुडघे झिजल्यावर तोच जिना दार बंद करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी प्रथम बाजार सोडतात, मग देऊळ, मग मैत्रिणी. चालणे थांबते, साखर वाढते, झोप उडते आणि मन खचते. आम्ही डॉक्टर औषधाची मात्रा वाढवतो, पण दुखण्याचे मूळ पुष्कळदा जिन्यात असते.

महामार्गाच्या बाजूस काशिमीरा, हाटकेश परिसरात लिफ्ट असलेले उंच मनोरे आहेत, पण रहदारीची धूळ आणि आवाजही आहे. निवासी भागासाठी कायद्याने ठरविलेली आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती पाळली जाते की नाही हे रविवारी सकाळी कळत नाही. त्यासाठी कामाच्या दिवशी रात्री अकराला त्या खिडकीखाली दहा मिनिटे उभे राहावे. भाईंदर पूर्वेस कारखान्यांचे गाळे आणि घरे काही ठिकाणी अगदी शेजारी आहेत. घरात दमेकरी असेल तर तेथे गाळे सुरू असताना जावे. पश्चिमेस मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून उत्तनकडे जावे तसा वारा मोकळा होतो, परंतु स्थानक आणि मोठी रुग्णालये दूर पडतात.

ऋतूही पाहावा. उन्हाळ्यात नुकताच रंग दिलेली भिंत ओल लपविते. ओलीवर वाढणारी बुरशी दम्याला आणि मुलांच्या खोकल्याला निमंत्रण देते. शक्य असल्यास जुलैच्या मुसळधार पावसानंतर तीच गल्ली पुन्हा पाहावी आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला पाणी कुठवर चढते ते विचारावे. साचलेल्या पाण्यातून चालत जाणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा धोका. शेजारी बांधकाम सुरू असेल तर तेथील साठलेल्या पाण्याकडेही लक्ष द्यावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. इमारतीत नळाचे पाणी किती वेळ येते, टँकर किती मागवावे लागतात आणि टाकी शेवटी कधी धुतली, हे सोसायटीच्या सचिवापेक्षा रखवालदार अधिक खरे सांगतो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी वेळेची. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाल्यास प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणून सायंकाळी सातच्या गर्दीत त्या इमारतीपासून चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयापर्यंत रिक्षाने एकदा प्रत्यक्ष जावे आणि घड्याळ पाहावे. रेल्वेमार्गाने शहराचे पूर्व-पश्चिम भाग केले आहेत. नकाशावर जवळ दिसणारे रुग्णालय रुळांच्या पलीकडे असेल तर अंतराचा हिशेब बदलतो. रुग्णवाहिका गल्लीत वळते का आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

सर्व गुण एकाच ठिकाणी मिळणार नाहीत. खिशाची मर्यादा प्रत्येकाला असते. प्रश्न इतकाच की आपल्या घरातील कोणाला काय सोसणार नाही. दमेकऱ्याला धूळ, गुडघेदुखीला जिना, हृदयरोग्याला लांबचे रुग्णालय. यांतील आपली एक गोष्ट आधी निश्चित करावी आणि तिथे तडजोड करू नये. बाकीच्या उणिवा पंखा, जाळी, गाळणी लावून बऱ्याच अंशी भरून काढता येतात.

महारेराची नोंदणी आणि कागदपत्रे वकिलाला दाखवावीतच. पण टोकन रक्कम देण्याआधी एकदा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्यावे, त्यांच्या पावलांनी ती वाट चालावी, वाटेत त्या कितीदा थांबतात ते पाहावे आणि मगच हो म्हणावे.