टाके पिकतात ते घरी गेल्यावर

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, अलिबाग

महोदय,

पेण आणि रोहा इथली दोन्ही उपजिल्हा रुग्णालयं आपल्या अखत्यारीत येतात. मी पेणची. माझा प्रश्न एकच आहे आणि तो चारचौघांसमोर विचारायचा आहे, म्हणून हे खुलं पत्र. गेल्या वर्षभरात या दोन रुग्णालयांत सिझर झालेल्या किती बायकांच्या टाक्यांत पू झाला?

सिझर किती झाली, हे कुठलंही रुग्णालय चटकन सांगेल. टाके किती जणींचे पिकले, हे सांगणं अवघड. कुणी काही लपवतंय असं मला म्हणायचं नाही. तो आकडा रुग्णालयापर्यंत पोचायला वाटच नाही.

सिझर झालेली बाळंतीण साधारण आठवडाभरात घरी जाते. जंतू जखमेत शिरतात ते बहुतेक वेळा ऑपरेशन चालू असतानाच. पण लाली, सूज, पू दिसायला आठ-दहा दिवस जातात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत जखमेत संसर्ग झाला, तर तो त्या शस्त्रक्रियेच्या खाती मांडायचा, असा जगभरचा दंडक आहे. या तीस दिवसांत आमच्याकडची बाळंतीण कुठे असते? पेणच्या खारेपाटात वाशी, शिर्की, वढावला, किंवा डोंगराकडच्या कातकरी वाडीवर. रोह्याकडे म्हणाल तर चणेरा, कोलाड, नागोठण्याच्या आसपासच्या गावांत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात. तान्हं बाळही सोबत जातं. टाका ओला दिसला की घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथला डॉक्टर ड्रेसिंग करतो, पाच दिवसांच्या गोळ्या देतो. जिथे ऑपरेशन झालं तिथली वही कोरीच राहते.

हे मी घरात पाहिलं आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं सिझर झालं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडतं. घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं, जखम कोरडी. त्या दिवशी ती खरोखरच कोरडी होती. पुढच्या आठवड्यात परकराच्या नाडीखाली ओलं लागायला लागलं. तिच्या आईला वाटलं, घाम असेल. नाडी सैल बांध म्हणाली. दोन दिवसांनी ताप चढला आणि टाक्याच्या एका टोकाशी बोटाचं पेर जाईल एवढं तोंड उघडलं. मग रोज गावातल्या दवाखान्यात जायचं, जुनी पट्टी ओढून काढायची, खाचेत औषधात भिजवलेलं गॉज भरायचं. पट्टी निघताना ती उशीचा कोपरा दातांत धरायची. उठून बसता येत नव्हतं, म्हणून बाळाला अंगावर घेणं कमी झालं, डबा सुरू झाला. जखम भरून यायला महिन्याच्या वर गेला. रुग्णालयातून कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कळवलं नाही. कळवायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वहीत ती आजही ठणठणीत होऊन घरी गेलेली बाळंतीण आहे.

ऑपरेशननंतरचा संसर्ग रुग्ण समोर असेल तर लपत नाही. जानेवारी २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या जोगेश्वरीतल्या ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला, दृष्टी गेली, चौकशी लागली. तिथे डोळे लगेच सुजले आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेसमोर होते. पोटाचा टाका पंधरवड्यानं वाडीवरच्या अंधाऱ्या खोलीत उसवतो, तेव्हा त्याची चौकशी कोण लावणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना तिथेच एखादा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. त्यांनाही तो शून्यावर आणता आलेला नाही. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या रुग्णालयाने शून्य लिहून पाठवलं, तर तिथे कुणी शोधलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ मी घेईन.

आता मागणी. बाळंतिणीच्या घरी जाणारं माणूस आपल्याकडे आहे. रुग्णालयात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. सिझर असेल तर घरी आल्यापासून तिच्या फेऱ्या सुरू होतात. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, आईची विचारपूस करते. तिने प्रत्येक फेरीत टाका स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि ओला, लाल किंवा उघडा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करावा, एवढंच हवं आहे. अडचण एकच. आशाताई जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि रुग्णालय आपल्याकडे. दोन्ही कार्यालयं अलिबागेतच आहेत, पण वाडीवरच्या टाक्याची खबर एकीकडून दुसरीकडे जात नाही. आपण आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी एकत्र बसून हे ठरवावं. आणि आशाताईंवर हे काम फुकटात लादू नये. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेसं आहे. प्रत्येक फोनचा मोबदला ठरवा. जी कुटुंबं भट्टीवर जातात, त्यांचा मुक्काम कुठल्या गावी आहे ते घरी सोडतानाच विचारून तिथल्या आशाताईला कळवा.

आशाताईचा फोन घ्यायला रुग्णालयात माणूस हवं. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत संसर्ग नियंत्रण समितीही आहे आणि त्यासाठी नेमलेली परिचारिकाही. कागदावर समिती करणं सोपं असतं. पण ज्या सिस्टरला दोन वॉर्ड आणि लेबर रूम सांभाळून हे काम करायचं असतं, तिच्याकडून ते होणार नाही. तो तिचा दोष नव्हे. पेणला एक आणि रोह्याला एक, अशा दोन सिस्टर दुसरी कुठलीही ड्यूटी न लावता या कामावर ठेवा. त्यांच्या नावाचा फलक लावा, त्यांना फोन द्या. एकाच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या दोघी-तिघींचे टाके पिकल्याचं कळलं, की त्या सिस्टरने मागे जाऊन बघायचं. त्या दिवशी ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या गाठोड्यावरच्या पट्टीच्या रेघा नीट काळ्या झाल्या होत्या का? अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा देण्याआधी गेलं की नंतर? आधी वस्तऱ्याने केस काढले होते का? वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून वस्तरा वापरू नका असं सांगितलं आहे. ऑपरेशन झाल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नका, हेही त्याच सूचनांत आहे. तरी अनेक ठिकाणी ती पाच-पाच दिवस चालतात. आज ती अशी वापरली, तर खरोखर गरज पडेल त्या दिवशी ती लागू पडणार नाहीत.

हात धुण्याबद्दल वेगळं लिहायचं कारण पाणी. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि खारेपाटातल्या बायका हंड्यासाठी टँकरची वाट बघतात. ज्या तालुक्यात पाण्याची ही तऱ्हा, तिथल्या रुग्णालयात कोपराने उघडणाऱ्या नळाला चोवीस तास धार आहे ना, हे रोज कुणीतरी बघायला हवं. प्रत्येक खाटेशी हात चोळायच्या द्रावणाची बाटली हवी, आणि ती भरलेली हवी.

सफाईच्या मावशी आणि मामांबद्दलही विचारते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘बी’ आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. ठेकेदाराकडची माणसंही त्यात आली. दोन्ही रुग्णालयांत कितीजणांचे डोस पूर्ण झालेत, तो आकडा फलकावर लागावा. लाल पिशवीत चुकून पडलेली सुई पहिल्यांदा त्यांच्याच बोटात घुसते.

सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेसाठी गुण देणारी कायाकल्प योजना २०१५ पासून आहे. तिच्या गुणपत्रिकेत संसर्ग नियंत्रण हा स्वतंत्र भाग आहे आणि तिच्यामुळे अनेक सरकारी रुग्णालयं बदलली, हे मला मान्य आहे. पण तपासणीचा दिवस आधी ठाऊक असतो, टाका पिकायचा नसतो. आणि आकडा बाहेर आला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बाळं होती. त्यानंतर तिथे गेलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह धुवायला लावलं. त्या दृश्याने मला अजून संताप येतो. एका डॉक्टरचा अपमान झाला आणि एकाही वॉर्डात एकही सिस्टर वाढली नाही. उद्या पेण-रोह्याचा आकडा वाढलेला दिसला, तर इथेही कुणीतरी कॅमेरा घेऊन येईल. त्या वेळी आपल्याला आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहावं लागेल. मोजायला लागलं की आकडा आधी वाढतोच. पहिल्या वर्षी वाढलेल्या आकड्यासाठी कुणालाही नोटीस द्यायची नाही, असं लेखी जाहीर करा. नाहीतर सिस्टर खरं लिहिणार नाहीत आणि त्यांना दोषही देता येणार नाही.

खासगी रुग्णालयांना सूट नको. शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा त्यांना लागू आहेच. नोंदणीचं नूतनीकरण करताना सिझर किती आणि त्यातले टाके पिकलेले किती, एवढे दोन आकडे त्यांच्याकडूनही मागा.

सुरुवात फक्त सिझरपासून आणि फक्त या दोन रुग्णालयांत करा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून वर्षभर. दर महिन्याचा आकडा केसपेपरच्या खिडकीशेजारी मराठीत लावा. या पत्राची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवते आहे. आपल्या दोघांची बैठक कधी आहे, ते कळवावं. पेण आणि रोह्याच्या काही आशाताई त्या बैठकीत बोलायला हव्यात; टाका पाहणार आहेत त्या.

आपली,
पेणमधील एक रहिवासी