कळ सोडा, ऐका

मंगफला आमच्या घरी नातवाने परवा पुन्हा तोच हट्ट धरला, "आजोबा, तुमचा तो रेडिओ इकडे आणा ना!"

तो रेडिओ म्हणजे न्यू जर्सीला लेकीच्या तळघरात ठेवलेला कोब्रा १४२ जीटीएल. सिटिझन्स बँडचा, टेबलावर ठेवून वापरायचा जुना संच. तिच्या शेजाऱ्यांनी घरातले जुने सामान विकायला काढले, त्यात मला मिळाला. आतले कपॅसिटर सुकले होते, ते बदलून घेतले आणि छपरावर अँटेना चढवली. उन्हाळ्यात तिकडे गेलो की माझी संध्याकाळ त्याच्यापाशी जाते.

त्याची लहर २७ मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे ११ मीटर लांब. ताकद ४ वॅट, रात्रीच्या दिव्याएवढी. आवाज एरवी काही मैलच जातो. पण सूर्यावरचे डाग वाढतात त्या वर्षांत दिवसा आयनांबर ही लहर खाली परतवते आणि हजार मैलांवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलतो. १९ नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले एकमेकांना पुढच्या रस्त्याची खबर देतात. ९ नंबर संकटासाठी राखलेला. कळ दाबलेली असताना समोरच्याचे ऐकू येत नाही. आपले बोलून झाले की कळ सोडायची आणि ऐकायचे. चाळीस वर्षे वर्गात बोलत आलेल्या माझ्यासारख्याला हे शिकायला वेळ लागला!

अमेरिकेत या संचाला १९८३ पासून वैयक्तिक परवाना लागत नाही. पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. परवान्याशिवाय प्रक्षेपणाचा संच कुवेतमध्ये आणणे बरे नव्हे, असे मी नातवाला सांगितले. तो हिरमुसला. मग त्याला १९९० ची गोष्ट सांगितली.

२ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले, तेव्हा माझा धाकटा भाऊ सालमियात होता. फोन बंद. आई पुण्यात फोनशेजारीच बसून असायची. अम्मानमार्गे तो मुंबईला उतरला, तोवर आम्हाला त्याचा एक शब्दही कळला नव्हता. त्याच दिवसांत अब्दुल जब्बार मराफी, कॉलसाइन ९के२डीझेड, हे हॅम ऑपरेटर आपला संच लपवून कुवेतची खबर बाहेर पाठवत होते. पकडले गेले असते तर जिवावर बेतले असते. ते मी पुढे वाचले, तेव्हा आईचा चेहरा आठवला.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याला येईल असं करता?"

येईल. हॅमची परीक्षा भारतात बारा वर्षांनंतर देता येते, आणि तो आता तेरा वर्षांचा आहे. पुढच्या सुटीत पुण्याला जाऊन अर्ज भरायचा, असे आमचे ठरले आहे. अभ्यास दोघांनी मिळून करायचा. शिक्षक कोण, हे मात्र अजून ठरायचे आहे.